वीज कडाडली तर उर्वशीने काय करावे

४ एप्रिल
ललिताचा फोन. बायको माहेरी ब्रह्मपुरीला गेल्यापासून पहिल्यांदाच स्वतःहून. जूनपासून तिचं नर्सिंगचं ट्रेनिंग नागपूरला. आमची उर्वशी सुट्टीत माझ्याकडे रमली, तर पहिलीत माझ्याच शाळेत घालू म्हणाली. नाही तर मामाकडे ठेवणार. वर एक सूचना: पोरगी मोठ्या आवाजाले भेते, सांभाळजा.
म्हणजे ढगांचा गडगडाट. जंगलपट्ट्यात एप्रिलची वादळं नेहमीचीच. हा तर माझ्या हातचा विषय. संकल्प: ती येण्याआधी अख्खी शाळा निर्भय करायची. ही पोरं धीट दिसली की तीही धीट होईल. ती रमली की ललिताही येईलच.

७ एप्रिल
'वीज सुरक्षा' उपक्रम सुरू. मी थाळी बडवली की वीज कडाडली असं समजायचं. मैदानात असाल तर झाडाखाली जायचं नाही, पाय जुळवून उकिडवं बसायचं, कान झाकायचे.
थाळी बडवली. सगळी पोरं ताटं घेऊन खिचडीच्या रांगेत. स्वयंपाक झाला की गुणाबाई अशीच थाळी वाजवतात, हे लक्षात राहिलं नाही. उद्यापासून तोंडानेच गडगडायचं. आवाज देवाने दिलाच आहे.

९ एप्रिल, सकाळची शाळा
गडगडलो. रिझल्ट उत्तम. पोरं पटापट उकिडवी. छोटा पोचू रडला, म्हणजे विषय आतपर्यंत पोचला.
इतक्यात खरंच आभाळ भरून आलं आणि अख्खा वर्ग घरी पळाला. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. भिजली तर मोसमाची मेहनत पाण्यात. मी गुणाबाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, गुरुजी, विजेले भेऊन मोहा भिजू द्यायचा का? अन् तुमच्यापरीस ढग हळू बोलते.
टोमणा होता. दुर्लक्ष केलं. आम्ही तिघं नागभीडला राहायचो तेव्हा शेजारीही असंच बोलायचे. एकदा तर दार वाजवून ललिताला विचारलं, बाई, सगळं ठीक आहे ना? तिथल्या भिंतीच पातळ.

१३ एप्रिल
उर्वशी आली. मामाने जीपमधून उतरवून दिली. केवढी उंच झालीय. मिठी मारली नाही. थकली असेल.
जेवताना तिच्या हातून पाणी सांडलं. माझ्याकडे बघतच राहिली. मी काहीच बोललो नाही, तरी घास तोंडात तसाच ठेवून फडकं आणलं आणि सगळं पुसून काढलं. ललिताने शिस्त चांगली लावली आहे.

१५ एप्रिल
गुणाबाई आणि त्यांची नात करिष्मा तिला पहाटे मोहा वेचायला घेऊन गेल्या. लांबून हसण्याचा आवाज आला. मी गेलो तर गप्प. लाजते अजून.

१६ एप्रिल
दुपारी वादळ. खोलीचे पत्रे थरथरले. उर्वशी आणि करिष्मा ओसरीत उभ्या. वीज चमकली की उर्वशी सांगायची, आता वाजन बघ. वाजलं की टाळ्या. भीतीचा लवलेश नाही. मला कोण आनंद. ललिताला काय कळतं, म्हटलं.
पण ओसरी सुरक्षित नाही, म्हणून ओरडलो, आत ये.
ती जागच्या जागी उकिडवी बसली. पाय जुळवून, कान झाकून, डोळे गच्च मिटून. मी तर तिला हे अजून शिकवलंच नव्हतं.
उठवायला गेलो तर आणखी आक्रसली. गुणाबाईंनी येऊन उचलून नेलं. मी ओसरीत भिजत उभा राहिलो.

१७ एप्रिल
ललिताचा फोन. मी म्हणालो, रमली आहे. मग उर्वशीने फोन घेतला. म्हणाली, आई, इथचे ढग चांगले आहेत. मले घ्यायले ये.

१८ एप्रिल
मामा घेऊन गेला. जीप सुटताना तिने हात हलवला. करिष्माला. मीही हलवला.
घरी येऊन खूप रडलो. आवाज न करता. जमतं मला.

२० एप्रिल
विजेचा धडा पूर्ण केला, हळू आवाजात. मागच्यांना काही ऐकू गेलं नाही. निकेश म्हणाला, गुरुजी, जोरानं सांगा ना.
मी म्हटलं, तुम्हीच या रे जवळ, माझ्यापाशी येऊन बसा.
कोणी पुढे सरकलं नाही.