अंगात उतरलेली साखर

सांगली,
ता. ९ डिसेंबर १९४४, शनिवार

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवून अंजनाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. रेडकू दूध ओढायला लागलं का? मामंजींचा खोकला उतरला का? इथं वारा फिरला की दवाखान्यात हळदपेठेचा वास येतो. नाथाजी भावजी, घरात पाव्हणं असतील तर थांबा. पुढचं आत्याबाईंना एकट्यांनाच वाचून दाखवा.

तुम्ही बाजाराला गेलात आणि मी माहेरच्या मानसिंगदादाबरोबर निघून आले. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "घरची सुईण असताना दवाखान्यात मराया जातीस व्हय?" आणि मी थांबले असते.

पण मला चैनच नव्हतं. कितीही पाणी प्यायले तरी तोंड कोरडं. लघवीला गेले की मोरीला मुंग्या लागायच्या, तुम्हाला दिसू नये म्हणून मी वर राख टाकायची. अंग सुटत चाललं तशा आळीतल्या बायका म्हणायच्या, "अंजना लय भरली, औंदा पोरगं गुटगुटीत हुतंय." तुमचा चेहरा फुलायचा. मला मात्र धाप लागायची. पहिला असाच गुटगुटीत होता.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझी लघवी निळ्या औषधात घालून तापवली. ती विटकरी झाली. म्हणाल्या, "साखर उतरते आहे. साखर पचवणारा रस अंगात असतो, तो गरोदरपणात काहीजणींना लागू पडेनासा होतो. मग बाळ त्या साखरेवर नको तेवढं वाढतं, आणि दिवस भरत आले की एकाएकी गप्प होतं."

गप्प होतं म्हणाल्या तेव्हा मी खाटेचा दांडा धरला. पहिला वेणांच्या आधीच हलायचा थांबला होता, हे तुम्हाला नि मलाच ठाऊक. तेव्हापासून तुम्ही मनाशी धरलंत की सून उपाशी राहिली म्हणून नातू गेला. म्हणून यंदा स्वतः ताक-भाकरीवर राहून तुम्ही मला दूध, गूळ, तूप चारलंत.

मी बाईंना विचारलं, "माझी उपासमार झाली म्हणून पहिला गेला का?"

"नाही. आणि आता सासूनं चार लाडू जास्त घातले म्हणूनही हे झालं नाही. कल तुझ्या अंगातच होता."

आत्याबाई, हे तुमच्या कानावर घालायचं म्हणून लिहायला बसले.

आता रोज मांडीत इन्शुलिनची सुई टोचतात, वजनकाट्यावर उभं करतात, भाकरी मोजून देतात. पुढच्या आठवड्यात दिवस भरायच्या आतच पोट चिरून बाळ काढायचं ठरलंय. हे लढाईवर, म्हणून कागदावर दादानं सही केली. मी सारखी पोटावर हात ठेवते. हललं की बरं वाटतं, पुन्हा थांबलं की उठून फेऱ्या घालते. नर्सबाई रागावतात.

तुमची,
अंजना

सांगली,
ता. २१ डिसेंबर १९४४, गुरुवार

आत्याबाईंस नमस्कार.

मुलगी झाली. जिवंत आहे.

पहिल्या दिवशी तिचे हातपाय थरथरत होते, ओठ निळे पडले होते. आईच्या साखरेची सवय, ती एकदम तुटली, असं बाई म्हणाल्या. मला साखर वर्ज्य, आणि तिला नर्सबाई थेंबथेंब साखरेचं पाणी पाजत बसल्या होत्या. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. मग ती रडली. अशी रडली की शेजारच्या खाटेवरच्या दगडाबाई म्हणाल्या, "आता हिला कोण मारतंय?"

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची टाळली. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचं बाळंतपण याहून अवघड जाईल, पुन्हा धजू नका. म्हणजे कदाचित ही एकच. नातवासाठी तुम्ही देवीला काय बोलला आहात ते मला माहीत आहे. मी ह्यांनाही अजून कळवलेलं नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं.

रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा. मला टाके आहेत, तिला उचलून घेता येत नाही. दादा घेतो, पण तो तिला कणसाच्या पेंढीसारखी धरतो. दुपारची गाडी आली की दाराशी कुणाचंही जोडवं वाजलं तरी मी मान वळवते.

दाराकडं कान लावून पडलेली,
तुमची अंजना