मार्लीनबाईंनी घातलेलं केळवण

कॅल्गरी,
९ नोव्हेंबर २०२५

ती. शुभदावहिनींना जयदीपचा साष्टांग नमस्कार,

दसऱ्याला लिहितो म्हणालो आणि दिवाळीही उलटून गेली, माफ करा. तुमचा गुडघा कसा आहे? दादाची साखर? (गोळ्या घेतोस का, असं त्याला विचारू नका, डबी उघडून बघा.) मुद्दाम कागदावर लिहितो आहे, कारण फोनवर चैत्रालीच्या लग्नाचा विषय निघाला की दादाला कुलरमधलं पाणी बघायला जायचं असतं, तेही नोव्हेंबरात. पत्र मात्र तो चष्मा शोधून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

मुलाकडची माणसं नीट बघ, मग आमचं यायचं ठरवू, असं तुम्ही म्हणाला होतात. तेव्हापासून मला धड झोप नाही. माणसं बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं? ब्रेटला आई-वडील नाहीत. त्याला वाढवलं मार्लीन नावाच्या मावशीने. तिची शहराबाहेर गुरं आहेत. लग्नाआधी तुमच्यात काय करतात, असं तिने विचारलं आणि मी केळवण सांगून बसलो. (मुलीचं केळवण मुलीकडच्यांनी करायचं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. तोवर तिने टेबल बुक केलं होतं.) अर्धवट माहिती द्यायला नको म्हणून चांगली लांबलचक ईमेल पाठवली: पाट, रांगोळी, आवडीचे पदार्थ आणि मुख्य म्हणजे आग्रह. पाहुणा 'नको' म्हणाला तरी निदान तीनदा विश्वास ठेवायचा नाही, असं स्पष्ट लिहिलं. आपण बीफ खात नाही, एवढं मात्र लिहिलं नाही. गुरं पाळणाऱ्या बाईला हे कसं कळवायचं, यावर दोन मसुदे केले आणि दोन्ही उद्धट वाटले.

टेबल होतं हायवेवरच्या एका स्टेकहाउसमध्ये. तिथे शेंगा खाऊन टरफलं जमिनीवरच टाकायची पद्धत आहे. (माझा हात होईना, मी खिशात भरली.) वेट्रेस सगळ्यांना 'हनी' म्हणते, मलासुद्धा. टेबलावर ब्राउन पेपर पसरलेला, मुलांसाठी पेल्यात क्रेयॉन. त्या क्रेयॉननी मार्लीनबाईंनी प्रत्येक ताटाभोवती रांगोळी काढली होती. माझ्या ताटाभोवतीची फुलं जरा कोबीसारखी होती, पण ठिपके मोजून काढलेले. पाट नाही म्हणून खुर्चीवर घोड्याच्या खोगिराखालचं ब्लँकेट घडी करून ठेवलेलं.

मग चरचरत्या तव्यावरून स्टेक आले. मी म्हणालो, नको. मार्लीनबाई खूश झाल्या: "हे पहिलं!" पुन्हा नको म्हणालो, तर त्यांनी दुसरं बोट वर केलं. तिसऱ्याला आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही मोजायला लागले. वहिनी, स्वतःच घातलेल्या नियमात माणूस इतका अडकू शकतो हे मला माहीत नव्हतं. आता लग्न मोडणार आणि ते माझ्यामुळे, याची खात्री झाली. शेवटी उभं राहून मी एका दमात सांगून टाकलं, की आम्ही खात नाही, तुमचा अपमान करायचा नाही, तुमची गुरं उत्तम असतील.

बाई म्हणाल्या, "अहो, पाटाची उंची इंचांत कळवलीत आणि हे नाही?" आणि इतक्या मोठ्याने हसल्या की वेट्रेस पाणी घेऊन धावली. "काका, तुम्ही पण ना! चिल!" असं चैत्रालीने मला आपल्या लाडिक आवाजात फटकारलं. पाच मिनिटांत माझ्यापुढे नारळाएवढा भाजलेला बटाटा आला. वर लोणी, सावर क्रीम, कांद्याची पात. इतक्या चवीने मी कित्येक महिन्यांत जेवलो नव्हतो. दुसऱ्या बटाट्याला 'नको' म्हणालो, पण बाईंचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. तिसराही खाल्ला. चैत्रालीने पानात काही टाकलं नाही.

एक सांगायचं राहिलं. टेबलावर दोन ताटं जास्तीची होती, त्यांच्याभोवतीही रांगोळी. वेट्रेस उचलायला आली तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे हनी, ती मुलीच्या आई-बाबांची आहेत. या खेपेला त्यांना जमलं नाही." ताटांसमोर कागदावर त्यांनी 'शशिकांत' आणि 'शुभदा' असं देवनागरीत, चैत्रालीकडून शिकून, जांभळ्या क्रेयॉनने लिहिलं होतं. मी माणसं बघितली, वहिनी. सुटलो.

सगळ्यांना नमस्कार.
तुमचा जयदीप

ता.क. – लग्न मे महिन्यात असलं, तरी तिकिटं तोवर वाट बघत नाहीत. दादा, तू हे वाचतो आहेसच, तर तूच ठरव.

ता.क. २ – (ही चिठ्ठी वेगळी घडी करून, सोबत तुमच्यासाठी पाठवलेल्या साडीच्या फॉलच्या पाकिटात घातली आहे; दादा ते उघडणार नाही.) पानात काही टाकलं नाही हे खरं, पण पानात काय होतं ते मी वर लिहिलं नाही. स्टेक होता, मीडियम रेअर. माझा नाकारलेलाही तिनेच संपवला. म्हणाली, आईला कळवा, बाबांना मी समोर बसून सांगेन. त्यासाठी तरी दादाला घेऊन या.

उद्या (माझ्यासाठी नोंद): बाईंकडून मागून आणलेला तो नावांचा ब्राउन पेपर (लोण्याच्या डागासकट) गुंडाळायला लांब नळी आणून दादाच्या नावाने पोस्टात टाकणे.