पाठच्या अंगणातले शंख

चार्ल्सटन,
मंगळवार, ११ जुलै १९७८

ती. डोरकसताईस,
टायटसचा सा. न. वि. वि.

काल सकाळी मी एक गोष्ट केली. दुकानातल्या फोनवर ती सांगता येणार नाही, तिथे अर्धं बेट कान देऊन उभं असतं. म्हणून पत्र.

पर्यटकांची टोळी नऊला जमते. त्याआधी मी रोज एकटाच सगळी वाट चालून येतो. सावली कुठे टिकेल, कुठल्या दगडावर म्हाताऱ्यांचा पाय अडखळेल, ते बघून ठेवतो. काल सातलाच सदरा पाठीला चिकटला होता. समुद्राकडून वारा नव्हता, नुसता खाडीच्या चिखलाचा वास. कोपऱ्यावरच्या पांढऱ्या खांबांच्या घराचं आता हॉटेल होतंय. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव खणताहेत. ते काम आपल्या गिडियनचं, हे मी तुला काय सांगू! कुंपणाची एक फळी निघाली होती, म्हणून आत डोकावलो.

ताई, उकरलेल्या मातीत शंख होते. पांढरे, पालथे, ओळीने ठेवलेले. शेजारी बुडाला भोक पाडलेला पाण्याचा जग, दिव्याची काच, औषधाची बाटली. दुसऱ्या कुणाला तो स्वयंपाकघरातला कचरा वाटला असता. माणसाने शेवटची हाताळलेली वस्तू फोडून त्याच्या मातीवर आपल्या लोकांशिवाय कोण ठेवतं, हे तुला-मला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि मी काय केलं? बुटाने माती लोटून सगळं झाकलं. मग नऊ वाजता चौदा जणांना त्याच घरासमोर उभं केलं आणि फाटकाची नक्षी, वरचा नाचाचा दिवाणखाना, सगळं आमच्या सहल कंपनीच्या मालकांनी लिहून दिलंय तसं म्हणून दाखवलं. एका बाईंनी विचारलं, इथे रांधणारी गुलाम माणसं राहायची कुठे. मी म्हटलं, मागे. त्यांनी मान डोलावली आणि आम्ही पुढच्या सावलीकडे गेलो.

दुपारी गिडियनला गाठलं. म्हणाला, मामा, घर म्हटलं की कपबश्या फुटायच्याच, तुम्हाला जिथे-तिथे थडगी दिसतात. हसलासुद्धा. पण डबा उघडून तसाच बंद केला त्याने. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्याने शुक्रवारीच पाहिलं होतं. त्याचं स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम. हॉटेलवाले त्याला ‘मिस्टर’ म्हणतात, याचं त्याला किती अप्रूप आहे ते मी बघतोच.

शहराच्या कचेरीत कुणी सांगितलं तर काम थांबेल. मी सांगावं का? तुझ्या उत्तराची वाट बघतो. माया असू दे.

तुझा,
टायटस

बेटावरून,
गुरुवार, १३ जुलै

चि. टायटसला,
डोरकसचे अ. उ. आ.

तुझं पत्र भेंडी चिरता चिरता वाचलं आणि बोट कापून घेतलं. तेवढ्यावर निभावलं असतं तर बरं होतं.

पन्नाशीला आलास, पण लहानपणीची खोड गेली नाही. फळी निघालेली दिसली की डोकं आत! लोकांना हिंडवणं तुझं काम, खणणं गिडियनचं. त्या घराचे मालक, त्यांचे वकील, शहराचे साहेब, इतक्यांना जे दिसलं नाही ते माझ्याच भावाला दिसावं आणि माझ्याच मुलाच्या खड्ड्यात दिसावं, याला काय म्हणायचं?

आता कायद्याचं ऐक. प्रार्थनाघराचा तो न्यायाचा कायदा, बाहेरचा, सरकारचा, तो अन्यायाचा. आपल्या माणसाची तक्रार आधी प्रार्थनाघरात, वडीलधाऱ्यांपुढे. थेट बाहेर नेली, की नेणारा दाराबाहेरच्या बाकावर. रूफस डुकरांवरून सख्ख्या भावाला कोर्टात ओढायला निघाला, तेव्हा हा नियम सगळ्यांपुढे उभा राहून कुणी वाचला होता? तूच ना? वर्षभर तो पावसात बाकावर बसला. दोन वर्षांनी गेला, पण त्याआधी मला म्हणाला होता, की टायटसचा आवाज तेवढा अजून कानात वाजतो.

वडीलधाऱ्यांतले थोरले एझ्राकाका नातीकडे सव्हानाला गेलेत. गुरुवारी, वीस तारखेला येतील. त्या रात्रीच्या बैठकीत तुझं म्हणणं मांड. ते सांगतील तसं गिडियन करील, माझा शब्द. तोवर तोंड मिटून ठेव. माझ्या मुलाचं नाव त्या कचेरीत तुझ्या तोंडून गेलं, तर माझ्या दारात येऊ नकोस.

आईच्या मातीवर तिचा निळा पेला मी ठेवला, त्याला आजवर कुणी बोट लावलेलं नाही. हे का लिहिलं कोण जाणे. पुसत नाही, राहू दे.

उन्हात टोपी घालत जा. आशीर्वाद आहेतच.

डोरकस

शनिवार, १५ जुलै

ती. मामांना,
शि. सा. न.

तुम्ही घरी नव्हता म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवतोय. खणायचं मोठं यंत्र मंगळवारी सकाळी सातला येतंय. संध्याकाळपर्यंत तळाला काँक्रीट पडणार. हॉटेलचे मालक म्हणाले, मिस्टर, जमत नसेल तर आत्ताच सांगा, दुसरा तयार आहे. मी जमेल म्हणालो.

काल हाताने खणताना आणखी काही लागलं. मी ते होतं तिथेच पुरलं. काय होतं ते विचारू नका, आणि आईला सांगू नका. मी नाही म्हटलं तरी दुसरा खणेलच ना, मामा? आणि त्याला तर काही कळणारही नाही.

तुमचा,
गिडियन

चार्ल्सटन,
सोमवार, १७ जुलै १९७८

ती. डोरकसताईस,
सा. न. वि. वि.

काल प्रार्थनाघरात तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून मीही बोललो नाही. गुडघ्यावर बसलो. यंत्र उद्या मंगळवारी येणार, एझ्राकाका गुरुवारी. हा हिशेब मी देवापुढे पुन्हा पुन्हा मांडला. त्याने तारखा बदलल्या नाहीत.

आपला न्यायाचा कायदा मला मोडीत काढायचा नाही. बाहेर आपलं कुणी ऐकत नव्हतं, तेव्हा आपल्या आजे-पणज्यांनी तो केला. पण त्या अंगणात जे आहेत तेही त्यांच्यातलेच. त्यांना गुरुवारपर्यंत थांबा म्हणून सांगायला मी कोण?

सकाळी गिडियनकडे गेलो आणि कुठे निघालोय ते त्याच्या तोंडावर सांगितलं. तो खूप बोलला. म्हणाला, तुम्ही स्वतः बुटाने माती लोटली तेव्हा धर्म कुठे होता? मी म्हटलं, नव्हता. मग म्हणाला, परत मामा म्हणणार नाही. त्याच्या आवाजात राग होता, पण तो वाटेत आडवा आला नाही. मी वळलो तरी फाटकाशीच उभा होता.

नऊच्या टोळीला त्या घरासमोर आणलं. फाटकाचं काही बोललो नाही. मागे कोण आहे ते सांगितलं. कुणीतरी फोटो काढायला कॅमेरा वर केला आणि खाली घेतला. मग क्षमा मागून म्हटलं, आजचं हिंडणं इथेच संपलं. भर उन्हात तसाच शहराच्या कचेरीत गेलो. सहल कंपनीच्या मालकांना एव्हाना कळलं असेल, उद्यापासून हे काम माझं नाही.

तिथल्या बाई तरुण होत्या. थडगी आहेत कशावरून, म्हणाल्या. दगड आहे? नाव कोरलंय? मी म्हटलं, शंख आहेत. त्यांनी पेन उचललं. मग सांगितलं, माझ्या आईच्या मातीवर माझ्या बहिणीने पेला ठेवलाय, तसंच. त्यांनी ते शब्दशः उतरवून घेतलं. साहेबांना विचारून आल्या आणि म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत उद्या यंत्र आत जाणार नाही. पण तक्रारीवर नाव-पत्ता लागेल, आणि खणणाऱ्याचंही नाव लागेल.

एझ्राकाकांना वेगळं पत्र टाकलंय, की मी नियम मोडला. त्यांच्या निकालाची वाट न बघता गुरुवारी मी आपण होऊनच बाहेरच्या बाकावर बसेन. वाचनाला दुसरा कुणी नेमा. तुझ्या दारात येणार नाही. तू नाही म्हटलं आहेस आणि ते तू म्हणायलाच हवं होतं. तरी तुझी माया मागतो. ती मागायची सवय जुनी आहे.

बाईंनी कागद पुढे सरकवला. खणणारा कोण, या ओळीत मी गिडियनचं पूर्ण नाव लिहिलं. तुम्ही त्याचे कोण, या ओळीत ‘सख्खा मामा’ लिहिलं. आणि खाली सही केली.

टायटस