बाहेरच्या यंत्रावरचा बर्फ

९ जानेवारी

भिंतीवरच्या यंत्राच्या जाळ्या धुतल्या. धूळ कमी, मी विणते त्या गालिच्यांच्या लोकरीचे तंतूच जास्त. वाळत टाकतेय तोवर आल्फेचा आवाज — "बंद का केलंस? घर गार पडेल." म्हटलं, जरा वेळ पडलं तर पडू दे. या माणसाला बोलायला दम पुरत नाही, टोकायला बरा पुरतो.

लाकडाची शेगडी काढून हा विजेचा हीट पंप बसवला, एक यंत्र आत भिंतीवर, एक बाहेर, तो त्याच्या ऑक्सिजनमुळेच. नाकात नळी आणि घरात जाळ, डॉक्टर नकोच म्हणाले. लग्न झाल्यापासून हे घर त्यानं लाकडं फोडून तापवलं. आता रिमोट माझ्याकडे. तो खिडकीशी बसून बाहेरच्या यंत्राकडे बघतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसा.

१२ जानेवारी

सुएत सुटलाय. डोंगराकडून हा वारा आला की समुद्रसुद्धा मागे सरतो. दिवसभर घर कुरकुरलं.

१३ जानेवारी

वारा पडला, पण बाहेरच्या यंत्राला बर्फानं पुरतं गिळलंय. एरवी ते आपलं आपण वितळवतं, वाफ निघते, पाणी ठिबकतं. आज वाफ निघाली आणि बर्फ जागचा हलला नाही. कोमट पाणी ओतलं, बादल्यांवर बादल्या.

रेजीसचा अल्बर्टाहून फोन. "आई, तापमानाचा आकडा सारखा वरखाली करू नकोस. एकदा लावायचा आणि विसरायचा." चिरंजीवांना तिकडे बसून सगळं कळतं. मग नेहमीचंच — घर विका, इकडे या. आल्फेनं हातानंच खूण केली, ठेव फोन.

१७ जानेवारी

पुन्हा बर्फ. आत कोमट वारा येतो, तोही नावापुरता. घरात स्वेटरवर स्वेटर.

यंत्र बसवून गेलेल्या गास्पारला फोन लागला एकदाचा. "झेलीताई, अख्ख्या किनाऱ्याला मी एकटा. फेब्रुवारीच्या आधी जमणार नाही." वर ताकीद — बर्फाला लोखंड लावायचं नाही, आतल्या नळ्या नाजूक, एक भोक पडलं की गॅस गेला. जेवताना हे आल्फेला सांगितलं. "माहीत आहे," म्हणाला. खेकड्याच्या बोटीवर जन्मभर इंजिन सांभाळलेला माणूस. त्याला मी सांगणार!

२० जानेवारी

वृद्धाश्रमातून ओझितचा फोन. ती तिथली मोठी नर्स, माझी शाळेतली मैत्रीण. एक खाट रिकामी झालीय. शरदात डॉक्टरांनी आल्फेचं नाव घालून ठेवलं होतं, मी विसरूनच गेले होते. की विसरायचं ठरवलं होतं.

"आठवडाभर धरून ठेवते, झेली. मग दुसऱ्याला द्यावी लागेल."

"आत्ताच दे. हा कुठे जात नाही."

"तू स्वतःकडे बघितलंस का आरशात?"

आल्फे ऐकत होता. कोंबडीचा फ्रिको केला होता, बटाटे घातलेला पातळ रस्सा, त्याच्या आवडीचा. अर्धा टाकला.

२२ जानेवारी

डाव्या हाताला प्लास्टर. उजव्यानं लिहितेय, म्हणजे लिहिता येतंय.

बादली घेऊन यंत्रापाशी गेले आणि ओतलेल्या पाण्याच्याच बर्फावरून घसरले. उठताच येईना. पडल्या पडल्या खिडकीत आल्फे दिसला. काचेवर हात मारत होता. मग दारात आला, नळी ताणली तेवढा. नळी काढली आणि एक पायरी उतरला. तिथंच खाली बसला, तोंड उघडं. त्याला श्वास मिळेना, मला उठता येईना. हाकेच्या अंतरावर दोघं, आणि हाक मारायला एकाकडेही दम नाही.

शेजारचा मेद्रिक कुत्र्याला घेऊन आला म्हणून वाचलो. त्यानं आधी आल्फेला आत नेलं, मग मला. "तुम्हा दोघांना एक माणूस लागतो," म्हणाला. वाईट नाही त्याच्या मनात. पण लागलं.

दवाखान्यातून आले तर आल्फे माझ्याकडे बघेना.

२४ जानेवारी

औषधं आणायला मेद्रिकच्या गाडीतून गेले होते. परत येते तर आल्फे मागच्या पायरीवर. सपाता घातलेल्या, ओठ निळे, मांडीवर बोटीवरची जुनी पहार. यंत्रावरचा बर्फ फोडलेला, ढिगानं खाली पडलेला.

आत आणून नळी लावली. बराच वेळ बोलता येईना. मग —

"यंत्राची नळी फोडली मी. गॅस गेला."

जाऊ दे, म्हटलं. चहा केला. संध्याकाळी यंत्रातून निव्वळ गार वारा यायला लागला आणि मला राहवलं नाही. सांगितलं होतं ना लोखंड लावू नकोस? आता या थंडीत काय करू मी, एका हातानं?

तो ऐकून घेत राहिला. कधी नव्हे तो.

"माझ्या हातून काही धड होत नाही आता," म्हणाला. "ओझितला फोन कर."

२५ जानेवारी

केला नाही. मेद्रिकनं विजेचा हीटर दिलाय. तो आणि ऑक्सिजनचं मशीन एकदम लावलं की फ्यूज उडतो. जुनं घर. दोन्हीपैकी एक — असं ठरवायचं?

२६ जानेवारी

केला फोन.

२९ जानेवारी

आल्फे गेला. म्हणजे नेऊन सोडला. दाढी स्वतः केली, थांबत थांबत. दारातून निघताना घराकडे वळून बघितलं नाही. मीच बघितलं.

खोली गरम आहे. खिडकी पार्किंगकडे, समुद्राकडे नाही. "बरी आहे," म्हणाला. ओझितनं मला जवळ घेतलं तेव्हा रडू आलं नाही. घरी येऊन त्याच्या खुर्चीवरचं पांघरूण काढलं तेव्हा आलं.

४ फेब्रुवारी

मेद्रिकचा हीटर एका खोलीलाही पुरत नाही. कोट घालून जेवते. एकटीसाठी काय रांधायचं? पाव, काकवी, चहा.

९ फेब्रुवारी

भेटून आले. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा सारखा आईला हाका मारतो. आल्फे म्हणाला, सवय होते. रेजीस फोनवर म्हणाला, योग्य तेच केलंस. हे ऐकलं आणि फोन ठेवून दिला. ज्यानं यंत्र फोडलं त्याचा रागही येत नाही आता. कशाचाच येत नाही.

१८ फेब्रुवारी

गास्पार आला. मी त्याला सांगितलं, नवऱ्याच्या हातून नळी फुटलीय. त्यानं झाकण काढलं, साबणाचं पाणी लावलं, बराच वेळ वाकून बघत राहिला.

"कोण म्हणालं फुटलीय?"

"तोच म्हणाला."

"पत्र्यावर ओरखडा आहे, बस. गॅस या जोडातून गळलाय. कित्येक महिने. म्हणूनच तर एवढा बर्फ धरत होता. इतक्या कमी गॅसवर हे आज ना उद्या बंद पडणारच होतं." मग बुटांकडे बघत म्हणाला, "जोड मीच बसवला होता, झेलीताई."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही. जोड नवा केला, गॅस भरला. घर तापलं. किती सोपं.

म्हणजे आल्फेनं काहीच मोडलं नव्हतं. हे मनावर घेऊन तो तिथं पडलाय! उद्या सकाळी जाऊन सांगते, घरी आणते.

१९ फेब्रुवारी

सांगितलं त्याला. तुझ्या हातून काही फुटलं नव्हतं, चल घरी.

"ठाऊक आहे," म्हणाला. "फुटली असती तर गॅस फुसकन गेला असता. आवाजच झाला नाही."

मग तेव्हा बोलला का नाहीस, विचारलं.

त्यानं माझा प्लास्टरमधला हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. "नाहीतर तू मला इथं सोडलं नसतंस."