रसकापुराची बाटली

परभणी,
१२ फेब्रुवारी १९५७

प्रिय अंगद,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून तू दचकशील. देवगाव फाट्याचा पत्ता मला मुंजाजीनं दिला. तो आमच्या शाळेचा शिपाई, तुमच्याच भागातला. तू मेंढरं सांभाळतोस, चार एकर रान करतोस आणि फाट्यावरच्या पोरांना गणित शिकवतोस, एवढं तो बोलला. मी पुढं विचारलं नाही.

मी इथं हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आपण सगळं उर्दूतून शिकलो. आता राज्यच बदललं, आणि रोज रात्री उद्याच्या धड्यासाठी मराठी शब्द जुळवत बसतो. परवा वर्गात जस्त आणि पारा शिकवायचा होता. तेव्हा तू हैदराबादच्या होस्टेलात भिंतीवर खडूनं काढलेला मूलद्रव्यांचा तक्ता आठवला. बाकीच्या कुळांत खाली उतरत जावं तसतसं अणूपासून इलेक्ट्रॉन काढणं सोपं होत जातं. पण जस्ताच्या घरात पाऱ्याशी आलं की हिशेब उलटतो, त्यालाच सगळ्यांत जास्त ऊर्जा लागते. मला ते पाठ होईना. तू म्हणालास, "गड्या, पारा लय चिकट हाय. जस्तापेक्षा घट्ट धरून बसतो. आन् एकदा त्याच्याकडून काढून घेतलं, की मग दिसंल त्याच्या गळ्यात पडतो."

मग मेसमधून अंडं आणून तू त्याचा पांढरा बलक परीक्षानळीत ओतलास आणि रसकापुराच्या, म्हणजे पाऱ्याच्या जहरी क्षाराच्या, पाण्याचे चार थेंब टाकलेस. विस्तव नाही, काही नाही, आणि पांढरा दह्यासारखा गोठला. प्रथिनाची घडी मोडते, तू समजावलंस, आणि पारा त्यातल्या गंधकाला धरून बसतो. म्हणून कुणाच्या पोटात हे गेलं तर आधी अंड्याचा पांढरा द्यावा, म्हणजे विष आतड्याऐवजी त्याला धरतं. पण लगेच ओकवावं, नाहीतर पोट तो गोळा पचवतं आणि विष पुन्हा सुटतं. मी तेव्हा हसलो होतो. वैद्य व्हायचंय का, असंही विचारलं होतं.

अंगद, गेल्या महिन्यात हे माझ्या घरात झालं. माझी मुलगी भागू चार वर्षांची आहे. रविवारी सकाळी मी खाटेच्या सांध्यांत लावायला ढेकणांचं औषध, म्हणजे रसकापूरच, कपात पाण्यात कालवलं आणि चिंधी आणायला आत गेलो. परत आलो तर कप खाली पडलेला आणि पोर तोंड वाकडं करून उभी. पाणी समजून तिनं घोट घेतला होता. तिचे ओठ कडेनं पांढरे पडायला लागले होते. त्या परीक्षानळीत तसंच झालं होतं, म्हणून मला ओळखायला क्षणही लागला नाही.

आमच्या घरात अंडं येत नाही. शेजारच्या धुरपताबाई कोंबड्या पाळतात, त्यांच्या दारात मी अनवाणी धावलो. त्या म्हणाल्या, "कच्ची कशाला मास्तर, उकडून देते की." मी त्यांच्या हातातून अंडी जवळजवळ हिसकावली. नर्मदेनं, माझ्या बायकोनं, ज्या हातानं कधी अंडं शिवलं नव्हतं त्या हातानं चार फोडली, पांढरा दुधात कालवला. मी पोरीचं नाक दाबून पाजलं आणि घशात बोट घातलं. ती माझं बोट चावत होती. बाहेर पडलं ते पांढऱ्या गोळ्यांसकट. दुसऱ्यांदा पाजलं, पुन्हा ओकवलं. मग टांग्यानं दवाखाना. दोन दिवस तिला लघवी झाली नाही. डॉक्टर बाहेरून मागवलेल्या सुया टोचत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी अंथरूण ओलं झालं, तर नर्मदा ते ओलं फडकं छातीशी धरून रडली. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या अर्ध्या घंट्यात तुम्ही केलं म्हणून पोर हाय."

ते मी केलं नव्हतं, तू शिकवलं होतंस. पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी पुढं विचारलं, रसकापूर आला कुठून? तोंडातून निघून गेलं, "शाळेतून." घाबरून निघालं, पण निघालं. त्यांनी हेडमास्तर किशनरावांना चिठ्ठी पाठवली. शाळेच्या कपाटाची किल्ली मुंजाजीकडे असते. त्याला बोलावून विचारलं, नोंद न करता विष बाहेर कसं दिलंस? तो म्हणाला, "साहेब, अशी बाटली आपल्या कपाटात कधी नव्हतीच." त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. चौकशी पुरी होईतो त्याला घरी बसवलं. जाता जाता तो माझ्याकडे आला, पोरगी कशी आहे म्हणून विचारलं, आणि दारातूनच परत गेला. तो गेल्यावर नर्मदेनं ट्रंकेतून बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. आपल्या कॉलेजची चिठ्ठी तिच्यावर अजून आहे. ती एवढंच म्हणाली, "आता दुसरा माणूस घरी बसायलाय."

तिला तुझी गोष्ट मी लग्नानंतर अर्धी सांगितली होती. उरलेली तिनं ओळखली.

तीच बाटली, अंगद. परीक्षेच्या आधी ढेकणांनी झोप येत नव्हती. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती. तू कपाट उघडं ठेवून हात धुवायला गेलास तेव्हा मी ती बाटली खिशात टाकली. उद्या परत ठेवू म्हणालो. सकाळीच मोजदाद झाली. जहर गायब, किल्ली धनगराच्या पोराकडे. त्यांना तेवढं पुरलं. तुला परीक्षेला बसू दिलं नाही. तू वळकटी बांधत होतास, मी शेजारच्या खाटेवर पुस्तक धरून बसलो होतो. माझी ट्रंक तेव्हा उघडी होती. तुला ती बाटली दिसली होती का, हे मला अजून माहीत नाही. तू फक्त म्हणालास, "चांगला पास हो." पुढं ती बाटली टाकायला निघालो की कुणी बघेल असं वाटायचं. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडात सोबत घेऊन फिरलो.

काल मी किशनरावांपुढं सगळं बोललो. मुंजाजी उद्यापासून कामावर येईल; माझं काय करायचं ते ते कळवतील. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना लिहून दिलेल्या जबानीची नक्कल सोबत आहे. आधी तुला विचारून पाठवणार होतो; पण मग तेही ओझं तुझ्यावर पडलं असतं, म्हणून काल रजिस्टरनं पाठवून दिली. तुला परीक्षेला बसू द्यावं असं त्यात मागितलं आहे. बसायचं की नाही, ते तू ठरव. हे तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळच्या मोटारीनं मी देवगाव फाट्यावर येतो आहे. तुझ्या घराकडे येणार नाही. फाट्यावर संध्याकाळच्या मोटारीपर्यंत उभा राहीन. नाही आलास, तर परत जाईन आणि त्याचं कारण कुणाला विचारणार नाही.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क ज्यानं घालवला, तो
भुजंग