बोल्ट अर्ध्यात अडकतो

४ नोव्हें. १९९७, मंगळवार
लाज गेली. वर्षाची फायरिंग चाचणी, इंदापूरच्या बाहेर दगडाच्या खाणीत. आम्ही सहा बँक-गार्ड, पाच-पाच राउंड. माझी पहिली बरोबर बसली. रायफलच्या बोल्टचा दांडा मागं ओढला, तर रिकामी पुंगळी बाहेर उडायची ती आतच आडवी पडली. खालचं काडतूस तिच्यावर चढून बसलं. ठोकून काढलं. तिसऱ्याला परत तेच. बाकीचे हसले नाहीत, तेच जास्त लागलं.
आम्हा गार्डांच्या एजन्सीचे कॅप्टन साहेब म्हणाले, "मारुतीराव, २४ तारखेला परत या. रायफल चालली तर ड्युटी, नाही तर दुसरा माणूस बघतो." सतरा वर्षं पलटणीत काढली, असं कुणी बोललं नव्हतं.

५ नोव्हें.
रायफल माझ्याहून म्हातारी. लष्करानं निकालात काढलेली, नळी बदलून लायसनवर मिळालेली. पण नऊ वर्षांत एकदाही दगा दिलेला नाही.
सकाळी ओट्यावर पोतं पसरून सगळी उघडली. पुंगळीची कड धरून ओढणारा आकडा असतो, त्याच्या खाचेत कुंकू! तेलात कालवून नुसता चिखल. आणि एक तांदूळ. खंडेनवमीची अक्षता!! सौ.वर ओरडलो, "पूजा करतीस का बंदुकीचा मसालेभात?" ती म्हणाली, "अक्षता तुमी टाकली. मी म्हटलं व्हतं, आधी ते बंद करा."
खरं आहे. बोल्ट उघडा ठेवून मीच मूठभर... पलटणीत दुसऱ्या कुणी केलं असतं तर पाठीवर पिट्टूचं ओझं लावून पळवला असता.
रॉकेलनं धुतलं. चोर सापडला.

६ नोव्हें.
कसला चोर. सरावाची खोटी काडतुसं भरून बघितली. दहात तीन अडकली. मग भरण्यात चूक? वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढं पाहिजे, मागं राहिली की एकमेकांत गुंततात. रिक्रूटालासुद्धा ठाऊक. एकेक बोटानं चाचपून भरलं. परत अडकलं. च्यायला.

१० नोव्हें.
बारामतीला जाऊन आकड्याची स्प्रिंग बदलली. मिस्त्री म्हणाला, आता बघा, पुंगळी गोफणीच्या धोंड्यासारखी उडंल. घरी येऊन पहिल्याच फटक्यात पुंगळी आत. मिस्त्रीच्या सात पिढ्या काढल्या, मनातल्या मनात. सौ. समोर होती.

१३ नोव्हें., गुरुवार
कोऱ्हाळ्याला गेलो, गुलाबतात्यांकडं. आमच्याच पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचे. ह्या माणसाचा हात लागला की बंदूक बोलते. तात्यांनी नळीत बघितलं, आकडा बघितला. मग खोटी काडतुसं भरली आणि खटाखट वीस वेळा बोल्ट मारला. वीसच्या वीस पुंगळ्या अंगणात. कोंबड्या पळाल्या. म्हटलं, वा, काय केलंत?
"काय बी न्हाय केलं. आता तू मार."
तिसऱ्याला अडकली.
तात्या म्हणाले, "मारुती, रायफल चांगली हाय. बोल्ट पार मागं आपटला तर पुंगळी उडती. तू अर्ध्यातनंच पुढं ढकलतुयास. तुझ्या हातात जोर ऱ्हायला न्हाय."
मी म्हटलं, तात्या, तुमचे डोळे गेलेत. रायफल उचलली न् निघालो. चहा तसाच ठेवला. साठी उलटलेल्या माणसाला असं बोललो.

१५ नोव्हें.
ड्युटी नाही, हातात बंदूक नाही. बँकेपुढनं गेलो. दारावर कुणी नवा, स्टुलावर बसलेला. मी नऊ वर्षांत बसलो नाही. कॅशियर शिंदेबाई आतनं हात करत होत्या. बघितलं नाही असं दाखवलं.

१६ नोव्हें.
सौ.ला समोर बसवलं. म्हटलं, मी बोल्ट मारतो, तू अडकलेल्या मोज. उजव्या हातानं विसात सात. डाव्यानं, वेडंवाकडं का होईना, एकही नाही.
ती म्हणाली, "मला दिवाळीच्या आदीपास्नं ठावं हाय. दुधाच्या किटलीचं झाकण तुमाला निघत न्हाय. मीच सैल करून ठिवती."
म्हटलं, मग बोलली का नाहीस?
"बोललं असतं तर तुमी किटली फोडली असती."
फोडली असती, व्हय.
भीती वाटते. आज पहिल्यांदा लिहितोय. बंदूकवाले मारुतीराव म्हणतात लोक. बंदूक काढली तर मागं कोण उरतो, मला माहीत नाही.

१९ नोव्हें.
बारामतीचा डॉक्टर. मानेत शीर दाबली आहे म्हणतो. मोठ्या दवाखान्यात दाखवा. बरं होईल का? "होईलही." ह्या 'ही'चं काय करू?

२१ नोव्हें.
गुलाबतात्या आपण होऊन निरवांगीला, आमच्या घरी आले. लुनावर, एवढ्या लांब. मी पाया पडलो. ते म्हणाले, "उठ रं, आरती करतुयास का?"
मग जेवताना: "साहेबानं इचारलं तर स्प्रिंग खराब व्हती म्हण. मी लिहून देतो. बदलली तर हायच की, खोटं कुठं?"
आणि युक्ती शिकवली. कोपर वर, खांदा मागं, सगळ्या अंगानं ओढायचं. दुपारभर दोघं ओट्यावर तेच. दहात एक अडकते आता.
जाताना म्हणाले, "चाचणीपुरतं हाय हे. खराच दरोडा पडला तर खांदा मागं घ्यायला टाइम मिळत न्हाय. ते तुझं तू बघ."

२४ नोव्हें., सोमवार
खाण. पहिली उडाली. दुसरी. तिसरीला खांदा इतका ताणला की डोळ्यांपुढं काजवे. उडाली. चौथी. पाचवी!
पाच पुंगळ्या वेचल्या. कॅ. साहेबांनी पाठीवर थाप मारली. "झाली की तुमची म्हातारी नीट! उद्यापासून ड्युटी. काय बिघडलं होतं, काय दुरुस्त केलं, एवढं ह्या कागदावर लिहून सही करून आणा."
यष्टीत बसेपर्यंत नुसता आनंद. खोटं कशाला बोलू, रडूच आलं. निमगावच्या पुढं शिंदेबाई आठवल्या. दाराच्या आत सात माणसं असतात. रोज मला बघून निवांत कामाला लागतात.

२५ नोव्हें., सकाळ
वर्दी इस्त्री झाली. तात्यांचा दाखला खिशात आहे, स्प्रिंगचा. एजन्सीचा कागद पुढं, कोराच. सौ. चहा घेऊन आली. विचारलं, काय लिहू? तू सांग.
म्हणाली, "मी काय सांगू? दारात तुमी उभं ऱ्हाणार, मी न्हाय."
साडेनऊची यष्टी आहे. अजून काही लिहिलेलं नाही.