एकही खाडा न करणारी इटलीची बाई

अप्पा, त्या इटलीच्या बाईचं नाव काय होतं? माझ्या शाळेतल्या संघाच्या मुली हे रोज विचारतात आणि मला सांगता येत नाही. टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही पॅकिंगला होता, तेव्हा तिकडून परत आलेल्या नमुन्यांच्या खोक्यात वर्तमानपत्राचा एक कागद निघाला. त्यावर धावत फुटबॉल मारणारी बाई होती. चिकटपट्टी नेमकी तिच्या नावावर होती. तुम्ही ती घाईने ओढली, नाव गेलं, बाई उरली. आपली पोरगी गल्लीत चेंडू लाथाडत हिंडते म्हणून तुम्ही तो कागद सदऱ्यात घालून घरी आणलात.

तुम्हाला मराठी पेपर मथळ्यापुरताच वाचता यायचा. पण रविवारी जेवण झालं की तुम्ही तो कागद मांडीवर पसरता, बोट फिरवता आणि इटालियन धडाधड वाचता. तिला गावच्या संघात आधी बदलीवर घेतलं, मग कायम केलं, मग मोठ्या शहरातून बोलावणं आलं. "यंदा चार डझन गोल," तुम्ही सांगता. तुमचं सगळंच डझनात. ऑफसाइडचा गोल म्हणजे चेकरने बाजूला काढलेला माल. आई खरकटं काढता काढता विचारते, "तिला घरचं काम न्हाय वाटतं?" तुम्ही कागदात बघून सांगता, "हाय की. भांडी घासूनच जाती, छापलंय हितं." आत्या माझ्या हाफ पँटवरून ओरडली, तेव्हा छापून आलं की त्या बाईच्या आत्यानेही आधी लई दंगा केला होता, आता पुढच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवते. आत्या गप्प बसली आणि मी जिल्ह्याच्या निवडीला गेले. मला मात्र सगळ्यात आवडायचं ते शेवटचं वाक्य: "आजवर एक खाडा न्हाय पोरीचा. तापातबी कामावर हजर."

मी दहावीत असताना तुम्ही गेलात. आता मी घरातली पहिली पदवीधर आणि शाळेत खेळाची शिक्षिका आहे. दर सोमवारी मुलींशी सत्यावर दहा मिनिटं बोलते (तेवढ्यात त्यांचे डबे संपतात) आणि शनिवारी त्या बाईची कारकीर्द सांगते. गेल्या आठवड्यात आमची आघाडीची पोरगी लंगडताना दिसली. मोजा खाली केला तर गुडघा मोसंबीएवढा. आठ दिवस लपवला होता. "सांगितलं का नाहीस?" म्हटलं तर मलाच म्हणते, "मॅडम, त्या बाईनं एक खाडा केला नव्हता की!"

डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. घरी येऊन मी तो कागद पहिल्यांदाच भाषांतरासाठी फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला. फोनचं मराठी तुमच्या इटालियनइतकंच, पण अर्थ लागला; नाव मात्र बातमीत पुन्हा कुठे नव्हतं. दोन्ही गुडघे गेले, पंचविसाव्या वर्षी खेळ सुटला, आता पोस्टाच्या खिडकीवर बसते. अप्पा, तुम्ही तिला त्यानंतर सहा वर्षं खेळवलंत!

आईला सांगितलं, तर ती शेंगा सोलतच राहिली. "मला म्हायतीच होतं. तुझा बाप मागची बाजू वाचायचा. तितं कुकरची जाहिरात हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"मला बी पुढचं ऐकायचं होतं की."

दुसऱ्या दिवशी मुलींना सगळं खरं सांगितलं, कुकरसकट. हसून हसून त्या मैदानात लोळल्या. सुजल्या गुडघ्याची ती एकटी हसली नाही. "मॅडम, मग दुखतंय तेव्हा थांबली असती तर?" मी म्हटलं, "मग कदाचित अजून बरीच वर्षं खेळली असती." ती म्हणाली, "पण उद्या फायनल हाय." मी म्हटलं, "हाय." माझंही शुद्ध मराठी तेवढ्यापुरतं गेलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करते. सामना सुरू होण्याआधीच मी तिच्या दोन्ही बुटांच्या नाड्या काढून घेतल्या. तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. आपण मागे पडलो की मीच तिला "घाल बूट" म्हणेन, याची मला खात्री होती. चार गोलांनी हरलो. तिसऱ्या गोलला मी तोंड उघडलंही होतं. नाड्या अजून माझ्या पर्समध्ये आहेत, आणि त्या तीन आठवड्यांनीच देणार, असं तिच्या आईला सांगून आले.